साडेबाराची दुपार

फेब्रुवारी लागला की वर्ध्याच्या रस्त्यांवर गुंडाळलेले कागद फिरायला लागतात. सायकलच्या हँडलला अडकवलेले, एसटीच्या खिडकीतून बाहेर डोकावणारे, ऑटोत दाटीवाटीनं बसलेल्या मुलींच्या मांडीवर आडवे पडलेले. प्रॅक्टिकलचे दिवस. खाकी कव्हर घातलेली जर्नलं, त्यावर चौकोनी लेबल, लेबलवर जपून काढलेला सीट नंबर. सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तोच कमरेला बांधावा लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांनी रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस सांडून ठेवलेला असतो; काट्याकाट्याला एकेक पांढरा पुंजका, धुळीनं हळूहळू मळत जाणारा. पळस फुलतो. लोक थांबून त्याचे फोटो काढतात. मला हा महिना सहन होत नाही.

परवा बोरगाव मेघेच्या वळणावर दोन मुली ऑटोची वाट बघत उभ्या होत्या. एकीच्या हातात उघडं जर्नल.

“पूर्वेले गेलं की टाइम अधिक करायचा का उणे बे?”

“अधिक. पाठ कर चुपचाप. समजून घेत बसली तं इथंच राह्यशीन.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. ऑटो आली, त्या बसून गेल्या. मी तिथंच उभी राहिले.

सात वर्षांपूर्वी मी सिंदी मेघेतल्या एका कॉलेजात बारावीला होते. कॉलेज म्हणजे शाळेच्याच इमारतीला मागून जोडलेले चार वर्ग. भूगोलाला आम्ही अकरा जण. शिकवायला झाडे सर. सर तासिका तत्त्वावर होते. जितके तास शिकवतील तेवढ्यापुरतेच शिक्षक. एप्रिलमध्ये संपायचे आणि जूनमध्ये बोलावणं आलं तर पुन्हा सुरू व्हायचे. असं नऊ वर्षं चाललं होतं. त्या हिवाळ्यात त्यांना कायम करण्याची फाइल संस्थेच्या कार्यालयात गेली होती. हे शिपाईकाकांपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले होते.

माणसाला असं तासातासानं कापून कामावर ठेवण्याच्या या पद्धतीची मला चीड आहे, आणि ती मी आज कुणाहीपुढे बोलते. तेव्हा मात्र ती आली नाही. पत्रक काढावं असा अन्याय रोज इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी उभा होता, आणि मी भलतीकडेच बघत होते.

पत्रक हा शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखा होता. बाबा एका सरकारी कार्यालयात कारकून. पण सुटीच्या दिवशी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचे गठ्ठे असत. नळाला पाणी नाही, पत्रक. एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या, पत्रक. अंगात आणणारा बुवा मोहल्ल्यात आला, पत्रक. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, पुढे गणितं सोडवली. कागद उलटला की दुसऱ्या बाजूला कुणीतरी कुणाला तरी जाब विचारत असायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरचे कागद असे असतात. माझं नाव समता ठेवलेलं. त्यामुळे मुलांना चिडवायला वेगळं काही शोधावं लागत नव्हतं.

नकाशा प्रक्षेपण शिकवायच्या दिवशी सरांनी वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून भरदुपारी अंधार केला. टेबलावर त्यांनी स्वतः केलेला तारेचा गोल होता: आडवी तार म्हणजे अक्षवृत्तं, उभी तार म्हणजे रेखावृत्तं, सांधे स्लॅबच्या सळ्या बांधायच्या बारीक तारेनं पिळून बांधलेले. गोलाच्या मध्यात बल्ब. बटण दाबलं आणि सगळ्या भिंतींवर, छतावर, आमच्या तोंडांवर पृथ्वीच्या रेघा पडल्या. प्रणाली, माझी बाकावरची मैत्रीण, हिच्या गालावरून एक रेखावृत्त गेलं आणि तिच्या कानापाशी वळलं. मग सरांनी ड्रॉइंगशीट गोलाभोवती नळीसारखी गुंडाळली, आणि त्या वाकड्या रेघा कागदावर सरळ झाल्या. विषुववृत्तापाशी आडव्या रेघा जवळजवळ; वर जावं तशा त्या एकमेकींपासून लांब पळत होत्या.

“सांगा, खरी पृथ्वी कोणती? तारेची का कागदावरची?”

“तारेची, सर.”

“मंग कागदावरची काऊन लागते?”

मागच्या बाकावरून रोशन म्हणाला, “सर, तारेची बॅगेत नाई जात.”

“शंभर टक्के बरोबर! बॅगेत जात नाई म्हणून सपाट करा लागते. अन् सपाट केली की कुठंतरी खोटं येतेच. आकार खरा ठेवला तं क्षेत्रफळ खोटं. क्षेत्रफळ खरं ठेवलं तं आकार वाकडा. नकाशा करणाऱ्यानं येवढंच ठरवायचं, कोणतं खोटं चालते अन् कोणतं नाई.”

मी हात वर केला. “म्हणजे एकही खोटं नसलेला नकाशा नसतेच का, सर?”

“नसते बाई. तसा पाहिजे असन तं हा गोलच डोक्यावर घेऊन फिर.”

“समता मॅडम,” रोशन कुजबुजला, “मोर्चा कुठून निघून राह्यला मंग?”

सगळे हसले. सरही हसले. मला ते हसणं लागलं नाही, पण ते वाक्य लागलं. कोणतं खोटं चालतं हे ठरवायचं असतं, असं आपले शिक्षक म्हणतात, आणि अकरा जण ते वहीत उतरवून घेतात! आमच्या घरी खोटं चालवून घ्यायची सोय नव्हती.

मग टाइम झोन आले. ग्रीनिचला दुपारचे बारा तर टोकियोत किती, न्यूयॉर्कला किती. पुढे सर आमच्या गावावर आले. वर्धा साडेअठ्ठ्याहत्तर रेखांशावर, देशाचं घड्याळ लावलेलं साडेब्याऐंशीवर. फरक चार अंशांचा, अंशाला चार मिनिटं. देशाचे बारा वाजले की त्यानंतर सोळा मिनिटांनी आपली दुपार.

“म्हणजे सर,” रोशन म्हणाला, “मी सोळा मिनिटं लेट येतो तं खरं म्हणजे टायमावरच येतो.”

“तू पस्तीस मिनिटं लेट येतं. बाकीची एकोणीस कोणत्या देशाची?”

गणित फळ्यावर सुटलं होतं आणि गाईडमध्येही तेवढंच होतं. आमच्या आधीच्या मुलांनी तेवढंच केलं होतं: मागच्या वर्षीच्या ताई-दादांकडून जर्नल आणायचं, उत्तर आधी लिहायचं, मग त्याला शोभेल असं निरीक्षण मागून भरायचं. प्रॅक्टिकलची हीच रीत होती आणि ती कुणाला खटकत नव्हती. सर म्हणाले, “यंदा आपण खरोखर पाहू.”

खो-खोच्या मैदानात त्यांनी एक सरळ काठी ओळंब्यानं उभी रोवली. दोरी धरून तिच्याभोवती फक्कीनं वर्तुळ आखलं. सकाळी काठीची सावली लांब असते. ती आखडत आखडत वर्तुळाला शिवते, ती वेळ टिपायची. दुपार उलटली की लांबत लांबत पुन्हा शिवते, तीही टिपायची. दोहोंच्या बरोबर मधली वेळ ही त्या जागेची खरी दुपार. पाच दिवस आम्ही पाळीपाळीनं बसलो. डोक्यावर दुपट्टे, हातात घड्याळ, फक्कीची पांढरी धूळ नखांत. एकदा बकऱ्या आल्या आणि वर्तुळाचा अर्धा भाग पायांनी घेऊन गेल्या. प्रणालीनं दोरी लावून तो पुन्हा आखला. सावलीचं टोक कधी ठळक दिसत नाही, ते कडेला विरघळलेलं असतं. “शिवली का?” “नाई शिवली अजून.” “शिवली!” “थांब ना, घाई नको करू.” तास-तास एका काठीच्या सावलीकडे बघत बसणं म्हणजे काय, हे मला पुन्हा कधी अनुभवायला मिळालं नाही. पृथ्वी फिरते हे पुस्तकात असतं. तिथं ते फक्कीवरून सरकताना दिसत होतं.

सकाळी दहा बेचाळीस, दुपारी दोन अठरा. मधली वेळ साडेबारा. दुसऱ्या दिवशी साडेबारा. पाचही दिवस साडेबारा, फार तर मिनिटभर इकडे-तिकडे. गाईड म्हणत होतं बारा सोळा.

सरांनी पाचही दिवसांचे आकडे बघितले, मान हलवली आणि म्हणाले, “छान मोजलं पोरंहो. आता जर्नलात बारा सोळा लिहा.”

“पण सर, आपल्याले साडेबारा आलं,” मी म्हणाले.

“आलं ना. माह्या वहीत लिहून ठेवलं मी. तुमच्या जर्नलात सोळा.”

“काऊन?”

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. “त्या चौदा मिनिटाचं कारण वेगळं आहे, तुमच्या पुस्तकात नाई ते. बाहेरून येणारे सर गाईड पाहून तपासतीन. साडेबारा दिसलं की चूक म्हणून मार्क कापतीन, अकराही जणाचे. अन् यंदा मले निकाल चांगला पाहिजे, तुम्हाले मालूम आहे. प्रॅक्टिकल होऊ द्या, मंग सांगतो सगळं.”

इतक्या वाक्यांपैकी माझ्या कानात एकच शिरलं: यंदा मले निकाल पाहिजे.

पत्रक लिहायला मला अर्धा तास लागला. मथळा होता, ‘आमची चौदा मिनिटं कुठे गेली?’ पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘ज्या कॉलेजात सूर्यालाही गाईडप्रमाणे उगवावं आणि मावळावं लागतं, तिथं विद्यार्थ्यांनी सत्य कुठं शोधायचं?’ शेवटी सरांचं पूर्ण नाव. खाली माझं पूर्ण नाव. बाबांनी ते छपाईवाल्याच्या नजरेनं वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि विचारलं, “सरले इचारलं का तू?”

“इचारलं.”

“मंग ठीक आहे.”

मी खरंच विचारलं होतं. उत्तर ऐकलं नव्हतं.

पन्नास झेरॉक्स. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी आठला मी गेटवर उभी. रोशननं एक घेतलं, वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. सर त्यांच्या जुन्या स्कूटरवर आले, पायापाशी आमच्या जर्नलांची पिशवी. ज्याच्याविरुद्ध पत्रक असतं त्याला ते समोरासमोर द्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. मी दिलं. त्यांनी स्कूटर बंद न करता वरपासून खालपर्यंत वाचलं.

“हॉल तिकीट आणलं ना?” त्यांनी विचारलं.

“हो, सर.”

“जा मंग आत. उशीर करू नको.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातीही एक प्रत गेली होती. तोंडी परीक्षेला त्यांनी मला विचारलं, “खरंच पाच दिवस मोजलं तुम्ही?”

“हो.”

“कोणी लावलं मोजायला?”

“झाडे सरांनी.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी इतकी वर्षं जर्नलं तपासतो,” ते म्हणाले, “काठी रोवलेली पहिल्यांदाच पाहिली.” मला वीसपैकी अठरा मिळाले. कुणाचेच मार्क कापले गेले नाहीत.

तिथंच मला कळायला हवं होतं. जिल्ह्यात कुणी मोजत नव्हतं. मोजलंच नाही तर खोटं लिहिलं असं तरी कोण म्हणणार? खोटं पकडायला आधी खरं हाती लागावं लागतं, आणि ते आमच्या हाती देणारा एकच माणूस होता. मी त्यालाच धरला.

पत्रक संस्थेच्या कार्यालयात पोचलं. बदनामी हा शब्द तिथून फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. फाइलीचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. प्रॅक्टिकलनंतर सर वर्गावर आलेच नाहीत, त्यामुळे चौदा मिनिटांचं कारणही राहून गेलं. आणि जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. नवीन माणूस मिळाला नाही, अकरावीला मुलं मिळाली नाहीत. दोन वर्षांत कॉलेजातून भूगोल बंद झाला. प्रणालीची धाकटी बहीण त्याच वर्गात दुसराच विषय शिकली.

निकालाच्या दिवशी प्रणालीनं मला जिन्यात गाठलं. तिला भूगोलाचीच शिक्षिका व्हायचं होतं.

“तू त्या पत्रकात खोटं नाई लिहिलं,” ती म्हणाली. “येवढंच म्हणता येते मले.”

“मंग?”

“मंग काई नाई. पाच दिवस आपण उन्हात बसलो, ते तुह्या कागदावर कुठंच नव्हतं. सर बसले ते बी नव्हतं.”

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी ग्रंथालयात, मला ती चौदा मिनिटं सापडली. पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगानं फिरत नाही, तिचा आसही कललेला. म्हणून खरी दुपार वर्षभर घड्याळाच्या मागे-पुढे होत राहते. फेब्रुवारीच्या मध्यात ती जवळपास चौदा मिनिटं मागे असते. सोळा आणि चौदा, तीस. आम्ही मिनिटाचीही चूक केली नव्हती. खो-खोच्या मैदानात, बकऱ्यांनी तुडवलेल्या वर्तुळात, अकरा पोरांनी पृथ्वीची कक्षा मोजली होती. हे सरांना त्याच दिवशी माहीत होतं. आनंद कुणाला सांगावा हे न कळून मी पुस्तक मिटलं. मग ज्याला सांगायचा तो आठवला, आणि आनंद उरला नाही.

मी अजून पत्रकं लिहिते. लेखही लिहिते. माझी मतं मवाळ झालेली नाहीत आणि व्हावीत असंही मला वाटत नाही. खोटं ते खोटंच. पण माझ्या त्या पानभर मजकुरात प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि ते पान वाचून झाडे सर जसे दिसत होते तसे ते नव्हते. वाक्यावाक्यानं खरं असलेलं पान असं कसं निघतं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. फेब्रुवारीत हा प्रश्न रोज समोर येऊन उभा राहतो.

यंदा प्रणालीचा फोन आला. ती आता बँकेत आहे. “सर दिसले,” ती म्हणाली. “बोरगावच्या पुढं नवीन लेआउट पडून राह्यलं, तिथं मोजणी करते ते. जायचं असन तं जाजो. मी सांगितलं म्हणून नको सांगू.”

मी गेले. जाताना लिहून नेलं होतं: एक पान, त्या चौदा मिनिटांचा पूर्ण खुलासा, सरांनी काय केलं, मी काय केलं, सगळं. शेवटी त्यांचं नाव, खाली माझं. तीन वेळा लिहून चौथ्यांदा उतरवलेलं.

तूर कापून मोकळ्या झालेल्या शेतात चुन्याच्या रेघांनी प्लॉट आखले होते. अजून एकही घर नव्हतं, पण रस्त्यांना नंबर दिले होते. सर तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून उभे. केस पांढरे झालेले, शर्ट साधा, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“समता. ये. पाणी पेतं का?”

मी पाणी प्याले आणि कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून, उन्हात उभं राहून वाचला. खिशातून पेन काढून एके ठिकाणी दुरुस्ती केली. “सूर्य उशिरा येते, असं लिहिलं तू. सूर्य कुठं येते-जाते? घड्याळ पुढं राह्यते म्हण.” मग पेनाला टोपण लावून म्हणाले, “बाकी बरोबर आहे. छापू नको.”

“काऊन, सर? खरं आहे ते.”

“आहे ना.” ते यंत्राचा स्क्रू उगाच फिरवत राहिले. “इथं लोक मले मोजणीवाले म्हणून वळखते. मी खुंटी ठोकली की दोघंही शेजारी मानते. तू हे छापशीन, तं लोक इचारतीन, कोणते झाडे? काय झालतं? बरोबर होतं का चूक होतं, ते कोणी वाचत नाई बाई. नाव वाचते.”

“मग मी काय करू?”

“काई नको करू.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं. पलीकडच्या टोकाला पट्टी धरून उभ्या असलेल्या माणसानं हाक मारली, तसा सरांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा यंत्राला डोळा लावला. “थोडं तुमच्या डावीकडं,” ते ओरडले. “अजून. अजून.” मी आहे हे ते विसरले होते, किंवा मी आता गेले आहे असं त्यांनी धरलं होतं.

चुन्याच्या रेघा न पुसता चालायचं म्हणून मी आखलेल्या रस्त्यानंच बाहेर आले. वळणापाशी वळले, नंबराच्या पाट्यांजवळून गेले. मी माफी मागायला आले आहे, असं मला घरून निघाल्यापासून वाटत होतं. तो शब्द ना त्या पानावर होता, ना तिथं उभं असताना माझ्या तोंडून निघाला. मी गेले होते ती आणखी एकदा बरोबर ठरायला.